अण्णासो बंद पडले

जगात नेटवर्कची सुरक्षा कळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं एक बोट राजारामपुरीचं असणार, हे मी २००२ सालच्या फेब्रुवारीत जाहीर करून टाकलं होतं! मार्चमध्ये घरात लॅब उभी करायची, एप्रिलभर सराव करायचा, मे महिन्यात पुण्याला जाऊन परीक्षा द्यायची आणि रात्रीच्या गाडीनं सर्टिफिकेट घेऊन परत. इतकं सोपं काम लोकांना का जमत नाही, याचंच मला नवल वाटत होतं.

त्या वेळी मी एका कॉम्प्युटर क्लासात मास्तर होतो. 'फाइल सेव्ह कशी करायची' हा एकच विषय मी चार वर्षं शिकवत होतो! पुण्याच्या एका कंपनीतल्या साहेबांनी शेवटी शब्द दिला, "वीस मेपर्यंत ती परीक्षा पास हो, जागा तुझी. एकवीस तारखेला दुसऱ्याची." मी त्याच दिवशी क्लास सोडला.

वडलांना, म्हणजे घरच्या अण्णांना आणि गल्लीच्या अण्णासोंना, हे संध्याकाळी सांगितलं. अण्णा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. माणसानं नोकरी दोनच वेळा सोडावी, एक तर अठ्ठावन्न पुरी झाल्यावर, नाहीतर मेल्यावर, असं त्यांचं स्पष्ट मत. ते उठले, पुढच्या खोलीतली आपली खाट स्वतःच उचलून मधल्या खोलीत नेली आणि म्हणाले, "घे. हितं कर काय करायचं ते. पर पास हो."

झालं! गल्लीत बातमी गेली की अण्णासोंच्या प्रसेनजीतनं घरात लॅब टाकली. तिसऱ्याच दिवशी सकाळी शेजारच्या धोंडुबाई पदराखाली काहीतरी झाकून आत आल्या आणि त्यांनी माझ्या कीबोर्डशेजारी एक बाटली ठेवली.

"ह्यांची हाय. सकाळची पयली," त्या म्हणाल्या. "साखर किती हाय तेवढं सांग."

"मावशी, ही तसली लॅब नव्हे!"

"मग कसली? रगताची?"

राजारामपुरीत एकाआड एक दवाखाना. इथं लॅब म्हटलं की रक्त आणि लघवी, तिसरं काही माणसाच्या मनात येतच नाही. ही नेटवर्कची लॅब आहे, हे मी धोंडुबाईंना पाऊण तास समजावलं. शेवटी त्या बाटली उचलत म्हणाल्या, "शिकून झाल्यावर सांग. तवर दुसरीकडं दावतो."

लॅबमध्ये भंगारातून जमवलेली तीन मशिनं होती. ती निळ्या केबलनं एकमेकांना जोडलेली. ही निळी केबल म्हणजे माझा जीव! प्रत्येक टोकाचे आठ-आठ बारीक रंगीत धागे ओळीनं लावून ती मी स्वतः बनवली होती. माझा जोडीदार वृषभ कबनूरचा. त्याच्या घरचे यंत्रमाग, आणि मागांच्या खडखडाटात कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये त्याचा कॉम्प्युटर. तोही हीच परीक्षा पुढं देणार होता. त्यानं तिकडून फोनच्या तारेतून माझ्या लॅबमध्ये चोरासारखं घुसायचं आणि मी त्याला अडवायचं, असा आमचा सराव. त्यासाठी घरचा फोन काढून ती तार मी मॉडेमला जोडून ठेवली होती. घरी कुणी फोन केला की मॉडेम आपण होऊन उचलायचा आणि 'ईईईं... खर्रर्र... ऊंऊंऊं' असा गळा काढायचा.

आता पुस्तकात लिहिलं होतं, प्रत्येक मशीनला नाव द्या. लोक देवांची देतात, ग्रहांची देतात. वृषभ म्हणाला, "कशाला लांब जातोस? घरातलीच दे की. ध्यानात ऱ्हात्यात."

सर्व्हर सगळ्यात थोराड. उठायला पंधरा मिनिटं लागायची, उठताना आतून कण्हायचा, पण एकदा उठला की दिवसभर कुणाचं ऐकायचा नाही. त्याला दुसरं नाव शोभलंच नसतं. अण्णासो! बाहेरच्या माणसाला दारात अडवून "कोण, कुठले, काय काम" असं विचारणारी फायरवॉल म्हणजे आई, आक्काताई. आणि वृषभ ज्या मशीनमधून आत घुसायचा त्याचं नाव पावणं. नावं फक्कड जमली होती. एकच घोटाळा झाला. नाव अण्णासो ठेवल्यावर 'अण्णासो उठला', 'अण्णासो अडकला' असं जिभेवर येईना! आपला बाप तो. तेव्हा पहिल्या दिवसापासून आम्ही त्या भंगाराला अहोजाहो करत आलो. आमच्या घरचे संस्कार! त्यांनीच घात केला.

परीक्षा सोमवारी, वीस मेला. शुक्रवारी सकाळी अण्णा आणि आई गडहिंग्लजला लग्नाला गेले. जाताना अण्णा दारात थांबले, लॅबकडं बघत म्हणाले, "सोमवारपतोर काय कमी-जास्त हुतंय काय?"

"काही होत नाही अण्णा, सगळं पक्कं आहे!" मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी सातला अण्णासो बंद पडले.

आधी तापले. मग आतून घरघर सुरू झाली. मग पडदा काळा! परीक्षेसाठी तीन महिने बनवलेलं सगळं त्यांच्याच पोटातल्या डिस्कवर होतं. सराव, टिपणं, चोराला पकडण्याचे एकशे चाळीस नियम! रात्रभर मी त्यांच्या उशाशी बसून होतो. सकाळी उठलो आणि तडक कोपऱ्यावरच्या हंबीररावांच्या एसटीडी बूथवर गेलो, कारण घरच्या तारेवर मॉडेम बसलेला.

हंबीररावांच्या बूथचा काचेचा दरवाजा दोन वर्षं झाली लागत नव्हता. त्यात पलीकडं कबनूर! वृषभनं फोन उचलला आणि मागचे शेहेचाळीस माग कानात घुसले. अशा वेळी माणूस बोलत नाही, बोंबलतो.

"वृषभ! अण्णासो गेले!"

"कोन?"

"अण्णासो! अण्णासो गेले रं!"

"कवा?"

"काल संध्याकाळी सातला! बसल्याजागी! आधी अंग तापलं, मग घरघर लागली आणि एकदम गार!"

"उठवून बघितलास काय?"

"तीनदा उठवलं! डोळं उघडत्यात आणि परत मिटत्यात! शेवटी मागची वायर काढली!"

"आणि आक्काताई?"

"ती चालू हाय! तिला अजून पत्त्याच न्हाय अण्णासो गेल्याचा! सोमवारपतोर तिच्या एकटीवरच भागवाय लागंल!"

मग वृषभनं अमेरिकेतल्या कुणीतरी कुठंतरी लिहिलेला उपाय सांगितला. मेलेली डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फात ठेवायची. गार झाली की अर्धा तास जिवंत होते. तेवढ्यात आतलं सगळं काढून घ्यायचं.

"बर्फात?" मी ओरडलो. "किती वेळ ठेवू बर्फात? पर आमचा फ्रीज बिघडलाय!"

रिसीव्हर ठेवून मागं वळलो तर बूथसमोर सात-आठ माणसं उभी. हंबीररावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. मला वाटलं, उकडतंय. मे महिना होता.

"हंबीरराव, बर्फ कुठं मिळंल?"

हंबीररावांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "तू कशाला हिंडतोस लेकरा? तू घरात बस त्येंच्याजवळ. बर्फाचं मी बघतो. समदं मी बघतो."

एका डिस्कसाठी माणूस इतका कळवळतो! मला भरून आलं. शेजार असावा तर असा, असं म्हणत मी घरी आलो आणि अण्णासोंचं झाकण खोलून बसलो.

तासाभरानं दार वाजलं. उघडलं तर चार माणसं, भुश्शात माखलेल्या दोन बर्फाच्या लाद्या खांद्यावर घेऊन! एकेक लादी माझ्या खाटेएवढी.

"एवढा? अहो, मला मूठभर पुरे होता!"

"पुरायचा न्हाय पावणं," त्यातला पुढचा म्हणाला. "ऊन बघा की. सांजच्यापतोर ऱ्हायाला पायजे." आणि त्यांनी लाद्या आणून पुढच्या खोलीत भिंतीला टेकवल्या.

त्यांच्या मागून धोंडुबाई आल्या. दारातच त्यांनी जो हंबरडा फोडला, तो पाचव्या गल्लीपर्यंत गेला असेल!

"आरं माझ्या अण्णासोऽऽ! आमास्नी न सांगता गेलास की रंऽऽ!"

आणि मी ते चक्क खरं मानलं!

वाचकहो, तुम्ही आता हसत असाल. तुमचं बरोबर आहे, तुम्हाला सगळं माहीत आहे! पण मी रात्रभर जागा, पोटात अन्न नाही, वडील परगावी, आणि दारात बाया रडतायत. माणसाच्या मनात काय येईल? अण्णा गडहिंग्लजला गेले! लग्नाचं जेवण, ऊन, वय बासष्ट. फोन इकडं मॉडेमला लावलेला, म्हणून निरोप मला न मिळता गल्लीला मिळाला! बातमी मीच सोडली होती, आणि तीच फिरून माझ्या दारात आली तेव्हा मला ती ओळखूसुद्धा आली नाही.

मी मटकन खाली बसलो. धोंडुबाईंनी माझं डोकं पोटाशी घेतलं. मग एकेक जण येत गेला. घरात मयत दिसेना, तेव्हा ते दवाखान्यातून यायचंय असं लोकांना वाटलं; मला वाटलं, गडहिंग्लजहून. अण्णांच्या ऑफिसातले लोक आले, बुद्धविहारातली माणसं आली. दुपारी बारा वाजता शिरोळहून ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून अण्णांचे चुलतभाऊ बाळासोकाका अख्खी भावकी घेऊन हजर! हंबीररावांच्या वहीत गल्लीतल्या यच्चयावत पावण्यांचे नंबर असायचे. त्यांनी चाळीस फोन केले होते.

"म्या खरं मानलंच न्हाय," बाळासोकाका पंच्यानं डोळे पुसत म्हणाले. "म्हटलं घरला फोन लावून खात्री करावी. लावला, तर कोन बोलंना! आतनं नुस्ता रडायचा आवाज! ईईईं करून कोनतरी बाई अशी रडालती की माझ्या हातातला फोनच पडला."

ते ऐकून सगळ्यांना नव्यानं उमाळा आला. मलाही आला! ती बाई म्हणजे मॉडेम आहे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण मी कुठला कळतोय? माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. आपली खाट एकटेच उचलून मधल्या खोलीत नेणारे अण्णा. तीन महिने त्या अंधाऱ्या खोलीत घामानं भिजत झोपले, आणि मी त्यांना साधं एकदा बोलावून दाखवलंसुद्धा नाही की मी इथं काय करतोय. वर त्यांचं नाव कशाला दिलं, तर एका भंगाराला! माझ्यासारखा करंटा मुलगा राजारामपुरीत दुसरा नसेल.

"मयताला जागा कुठं करायची?" कुणीतरी विचारलं.

मी ताडकन उठलो. "इथंच! ही खोली त्यांची आहे. काढा हे सगळं!"

"ह्ये मशिनं?"

"काढा! काय करायचीयत मला? कसली परीक्षा आणि कसलं काय! फेका!"

शिरोळची माणसं. ऊस तोडणारे हात! पाच मिनिटांत तीन महिन्यांची लॅब भुईसपाट झाली. आक्काताईंना कुणी कानाला धरून उचललं, पावण्याला कुणी कोपऱ्यात लोटलं. अण्णासोंना दोघांनी आदळलं आणि एक जण म्हणाला, "काय जड हाय ह्ये बेणं!" केबली उपसताना कुणी हलकेच काढायच्या भानगडीत पडलं नाही. मीही डोळे मिटून घेतले. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही.

बाहेर अंगणात हंबीररावांनी बांबू आणले होते. तिरडी बांधायला घेतली तर सुतळी कमी पडली.

"आरं, ती निळी दोरी घ्या की! लई चिवट हाय," ते म्हणाले. आणि माझ्या जिवाचा जीव असलेली ती केबल करकचून गाठी मारत बांबूंना आवळली गेली.

मी बाळासोकाकांच्या शेजारी येऊन बसलो. हुंदका आवरत विचारलं, "काका, नेमकं झालं तरी कसं?"

"मलाबी आत्ता दारात हंबीररावानंच सांगितलं," काका म्हणाले. "काल सांजच्याला सातला बसल्याजागी गेला म्हनं."

"बसल्याजागी?"

"व्हय. आदी अंग तापलं. मग घरघर लागली. मग एकदम गार."

मनाला चाटून गेलं की हे आपण कुठंतरी ऐकलंय.

"तू तर लई केलंस लेकरा," काका माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाले. "तीनदा उठवलंस म्हनं त्येला."

"मी?"

"डोळं उघडायचा आणि परत मिटायचा म्हनं."

"काका..."

"शेवटाला तू मागची वायर काढलीस म्हनं. कसली वायर रं ती? सलाईनची काय?"

जगात एवढा आनंद आणि एवढी लाज एकाच वेळी कुणाला वाटली नसेल! अण्णा जिवंत होते! मी उडी मारून ओरडलो, "अण्णा गेले नाहीत! अण्णासो गेले!"

सगळं अंगण माझ्याकडं वळलं.

"म्हणजे तसं नव्हे! गेले ते हे अण्णासो!" मी धावत आत गेलो आणि कोपऱ्यात उताण्या पडलेल्या सर्व्हरवर हात ठेवला. "हे! हे बंद पडलेत! हे अण्णासो! आणि ती तिकडं पालथी पडलीय ती आई!"

धोंडुबाईंनी कपाळावर हात मारला. "डोस्क्यावर परिणाम झाला गं बाई पोराच्या! कांदा आना!"

मी जितकं समजावत गेलो तितकी माणसं जास्त रडू लागली. दोघांनी माझे दंड धरले, तिसऱ्यानं नाकाशी कांदा फोडला. "रडून घे, मोकळा हो," असं म्हणत ऑफिसातले एक गृहस्थ मला खुर्चीत दाबून बसवत होते. मी किंचाळत होतो की मला रडायचं नाही, पण कांद्यानं डोळ्यांना धारा लागलेल्या!

आणि तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

आधी आई उतरली. तिनं अंगणातली माणसं पाहिली, पांढरं कापड पाहिलं, तिरडी पाहिली. घरात मागं कोण राहिलं होतं? मी! तिनं रस्त्यातच "प्रसेन रंऽऽ!" म्हणून असा टाहो फोडला की खालच्या झाडावरचे कावळे उडाले. मी दंड सोडवून पळत तिच्याकडं गेलो. तिनं मला बघितलं, चाचपलं, आणि दुसऱ्या क्षणी मुस्काटात अशी ठेवून दिली की कांद्याचा अंमल उतरला.

तिच्या मागून हातात आहेराची पिशवी घेऊन अण्णा आले. गर्दी दोन्हीकडं फाटली. हंबीरराव तर दोन पावलं मागं सरून तिरडीलाच अडखळले. अण्णांनी सावकाश सगळीकडं बघितलं. मग तिरडीजवळ वाकून गाठ चाचपली.

"ही निळी दोरी कुठली?"

मला राहवलं नाही. अठ्ठावीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. मी त्यांच्या गळ्यात पडलो आणि लहान पोरासारखा रडलो. अण्णा ताठ उभे राहिले. असल्या गोष्टीची त्यांना सवय नव्हती. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या पाठीवर दोन बोटं ठेवली आणि हलक्या आवाजात विचारलं, "काय झालं? आत्ताच नापास झालास व्हय?"

पुढचा अर्धा तास मला आठवायलाही नको वाटतो. हंबीरराव ओरडत होते, "आरं, पर तू 'गेले' म्हनालास! 'गेले'! यंत्राला कोन अहोजाहो करतंय व्हय रं?" बाळासोकाका म्हणत होते, आता चौतीस माणसं शिरोळला काय सांगायची? कुणी म्हणत होतं, अण्णासोंचं आयुष्य वाढलं. ऑफिसातल्या गृहस्थांनी श्रद्धांजलीचं भाषण लिहून आणलेलं, ते घडी घालून खिशात ठेवताना त्यांना फार वाईट वाटलेलं दिसलं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. अखेर म्हणाले, "मला दाव. माझं नाव दिल्यालं कंचं?"

मी सर्व्हर दाखवला. झाकण उघडं, एका बाजूला चेमटलेला, अंगावर भुस्सा.

"ह्यो काय करतो?"

"सगळं हाच सांभाळतो अण्णा. बाकीची सगळी ह्याच्यावर चालतात." हे खरं होतं. पण पुढचं बोलायला नको होतं. "फक्त उठायला जरा वेळ लावतो. आणि कण्हतो."

"आणि कुनाचं ऐकत न्हाय," आई म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं तिला!

"नाव झ्याक ठेवलंय की!" बाळासोकाका म्हणाले, आणि तीन तास रडलेली माणसं पोट धरून हसायला लागली. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारच्या बायकांनी पिठलं-भाकरी करून आणली होती. ती सगळ्यांनी अंगणात पंगत करून खाल्ली. अण्णांनीही खाल्ली. स्वतःच्या मयताचं पिठलं खाणारा मी पाहिलेला तो एकमेव माणूस, आणि मीठ कमी आहे असंही म्हणाला!

पंगत उठल्यावर मी पुढच्या खोलीत गेलो. दोन्ही लाद्या वितळून गेल्या होत्या. सगळं पाणी उताराला वाहत कोपऱ्यात गेलं होतं आणि त्या कोपऱ्यात, घोट्याएवढ्या पाण्यात, अण्णासो, आक्काताई आणि पावणं शेजारी शेजारी बसले होते. डिस्क बर्फात ठेव म्हणून वृषभनं सांगितलं होतं. अख्खी लॅबच ठेवली गेली! निळी केबल तिरडीवरून सोडवली, तर चौदा गाठी. आतले धागे तुटून एकमेकांत मिसळलेले. मी तिथंच पाण्यात उकिडवा बसलो. सोमवार परवावर आला होता.

रविवारी आम्ही मशिनं गच्चीवर उन्हात वाळत घातली. आईनं शेजारी पापड घातले होते. पापड वाळले. वृषभ दुसऱ्या केबली घेऊन कबनूरहून आला, पण जोडायला काही उरलं नव्हतं. संध्याकाळी तो मला म्हणाला, "तोंडी घेतो तुझी तयारी." तोंडी तयारी मी रात्री गाडीत बसेपर्यंत दिली. त्यातलं निम्मं चुकलं.

पुण्यातली ती परीक्षा कॉम्प्युटरवरच होती. शेवटचं बटण दाबलं की निकाल लगेच समोर. पास व्हायला हजारातले सातशे लागत होते. मला सहाशे एक्याऐंशी पडले. एकोणीस गुणांनी माझी पुण्याची नोकरी गेली! तिथल्या बाईंनी निकालाचा कागद छापून हातात दिला आणि "बेस्ट लक" म्हणाल्या. कशाला, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मंगळवारी पहाटे घरी पोचलो. अण्णा जागेच होते. त्यांनी पुढच्या खोलीत खाट परत टाकलेली नव्हती. ती जागा माझ्यासाठी तशीच पुसून कोरडी ठेवली होती, ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कागद त्यांच्या हातात दिला.

अण्णांनी चष्मा लावला. तीस वर्षं सरकारी कागद वाचलेला माणूस! सही, तारीख, शिक्का, सगळं बघून ते विषयवार गुणांवर आले. बोट एकेका ओळीवरून खाली सरकत गेलं. फायरवॉल, ऐंशी टक्के. सांकेतिक भाषा, त्र्याहत्तर. चोराचा माग काढणे, अठ्ठ्याहत्तर. खालच्या ओळीवर बोट थांबलं.

"आणि ह्यो भोपळा कशात?"

मी खाली मान घालून म्हणालो, "गोपनीयता."

"म्हंजी?"

"म्हणजे... घरातली माहिती बाहेर चारचौघांत बोलू नये. आपल्या मशिनांची नावं, कुठलं चालू आहे, कुठलं बंद आहे, हे फोनवर मोठ्यानं सांगू नये. असं ते असतं."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. परीक्षा घेणाऱ्या कंपनीचा अमेरिकेतला पत्ता दोनदा वाचला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी दबक्या आवाजात, मनापासून विचारलं, "पर प्रसेन, त्यास्नी एवढ्या लांबनं कळलं कसं?"